कारध्याचा चिंधू समुद्रावर

वैनगंगेत कोणी बुडालं की कारध्यात चिंधू ढिवराच्या दारात माणूस येऊन उभा राहतो. वेळकाळ काही नाही. चिंधू जेवत असो की तापाने फणफणलेला, उठायचं आणि चालू लागायचं. काठावर हळहळायला अख्खं गाव असतं, त्यांचं काय जातं? आत उतरणारा हा एकटा. पाणी गढूळ, डोळे उघडून उपयोग नाही. तो डोळे मिटून तळ चाचपतो. हाताला कपडा लागला, केस लागले, की प्रेत वर आणतो, काठावर उताणं करतो आणि तोंड फिरवून चालता होतो. घरी येऊन आंघोळ करतो आणि भिंतीला पाठ लावून बसून राहतो.

तरुणपणी हे खपून गेलं. आता साठी उलटली, आणि थकवा असा की झोपूनही जात नाही. मासे धरायलासुद्धा नदीत उतरणं जिवावर येऊ लागलं. ज्या पाण्याने पोट भरलं त्याचीच शिसारी यावी, हे ढिवराच्या पोराने सांगावं तरी कोणाला? त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईने, ते न सांगताच ओळखलं आणि लेकीला फोन लावला, "खुशबू, तुहा बाप पार खचला. घेऊन जाय त्याले तुह्याकडं."

खुशबू अंदमानात राहते. जावयाची नोकरी तिथली. शेळ्या कोणावर टाकायच्या म्हणून मनकर्णाबाई घरीच राहिली, चिंधू एकटा आला. लेकीने मनात एकच धरलं होतं, बापाला एकदा तरी नुसत्या मजेखातर पाण्यात उतरवायचं. रविवारी ती आणि जावई त्याला एका आडबाजूच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. पुढे प्रवाळाच्या खडकांची रांग, त्यामुळे लाटा बाहेरच अडलेल्या. आतलं पाणी गावाकडच्या बोडीसारखं, लहानशा तळ्यासारखं शांत आणि तळाची वाळू दिसेल इतकं नितळ. माणूसकाणूस फारसं नव्हतं.

"चाल ना बाबा. रंगीबेरंगी मासे दिसतेत."

"जलमभर मासेच पायले वो माय."

"हे पकडाचे नाईत. नुसते पाहाचे."

"मंग कायले पाहाचे?"

जावई हसला. खुशबू हसली नाही. "घडीभर ये. माह्यासाठी."

"थकलो मी, बाई. पान्यात गेलो का माहे हात आपोआप तळाशी जातेत. मले ते नाई पाहिजे आता. तू जाय."

खुशबूला वाईट वाटलं. तिने काचेचा चष्मा चढवला, नळी तोंडात धरली आणि पाण्यात शिरली. जावई नारळपाणी बघायला गेला. चिंधू झाडाला टेकला आणि कधी नव्हे तो बसल्या जागी त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा समोर खुशबू पाण्यावर पालथी पडली होती. तोंड पाण्यात, हात पसरलेले, केस सुटून वर तरंगत असलेले. हालचाल नाही.

नळीने श्वास घेता येतो, हे लेकीने सकाळीच त्याला समजावून सांगितलं होतं. पण अशा घडीला ते कोणाला आठवतं? अशी माणसं त्याने जन्मभर पाहिली होती. तो धावला. ओरडला नाही, ओरडून काही होत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? कंबरभर पाण्यात पोचला, तिच्या काखेत हात घातले आणि तिला उताणं केलं. आणि सवयीनेच तोंड फिरवलं.

"बाबा, काय करून राहिला? नाकात पानी गेलं ना माह्या."

चिंधूने हळूच मान वळवली. खुशबू खोकत होती, तोंडातली नळी हातात धरून त्याच्याकडे रागाने बघत होती. त्याने तिचा दंड सोडला नाही.

"काय झालं, बाबा?"

"एवढे पलटवले," तो म्हणाला, "बोलली तू एकटीच."

खुशबूचा राग तिथेच गळून पडला. ती गप्प उभी राहिली. तसा चिंधू घाबरा झाला आणि त्याने तिचा दंड आणखी घट्ट धरला.

"बोल वो माय," तो म्हणाला. "काई बी बोल."