बसनाऱ्याला अर्धी

नानी भाकर मोडायची तर तिकडं बघायची बी न्हाई. गरम भाकर हातात आली की कट् करून दोन तुकडे, आन् कुनाच्या ताटात किती पडायचं ते आदीच ठरलेलं. ऊस तोडून आलेल्याला अख्खी, खोपीत बसून ऱ्हायलेल्याला अर्धी. नानी माझी चुलत सासू, आमच्या टोळीच्या मुकादमाची बायको. पाथर्डीकडनं आमी दरसाल कारखान्यावर तोडीला जायचो, तितं घरच्या सगळ्यांचं जेवान तिच्याच चुलीवर.

लगीन होऊन मी पयल्यांदा गेले आन् तापानं खोपीत पडले. संध्याकाळी ताटात अर्धीच. मी बघत ऱ्हायले तर नानी म्हनली, "काय बघतीस पोरी? कोयता धरला हुता का आज?"

"ताप हाय नानी."

"मंग काय तापाला वाढू? तू तर बसलीयास."

सगळे हसले, मला बी हसू आलं. लई तोंडाळ, पन वाटायला चोख. मुकादम मोबाईलवर बोलत बसला की त्यालाबी म्हनायची, "बसलात न्हवं? घ्या अर्धी."

मंग तिलाच धाप लागाय लागली. आदी मोळी उचलंना, मंग हंडा उचलंना. आडवी झाली की जीव घुसमटायचा, म्हनून पाठीला पोतं लावून बसून ऱ्हायची. तिची ऊस तोडायची सुटली त्या दिवसापास्नं तिनं आपल्या ताटात अर्धीच घेतली.

मी म्हनले, "नानी, घ्या की अजून."

"म्या काय तोडलं आज? बसून खाल्लेलं अंगावर चढतं."

आन् अंगावर चढल्यावानीच दिसाय लागलं. पाय टम्म, पोट पुढं, बांगड्या रुतलेल्या. बाया म्हनायच्या, "नानी बसून बसून सुटली की गं." मंग नानीनं अर्धीची चतकोर केली.

नगरला दवाखान्यात नेलं तवा डॉक्टरीनबाईनी नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला तो तसाच ऱ्हायला. "हे मांस नाही, पाणी साठलंय," बाई म्हनल्या. "हृदय कमजोर झालंय. मीठ तोडा, लोणचं-पापड बंद करा. पण जेवण तोडू नका. नुसता श्वास घ्यायलाच ह्यांचं शरीर राबतंय."

लघवीच्या गोळ्या दिल्या. पानी उतरलं आन् खालची नानी दिसली. दंड म्हंजी काठी, गालफडं आत, बांगड्या पार कोपराकडं घसरायच्या. सुटली म्हननाऱ्या बाया आल्या, बघून दारातनंच माघारी गेल्या.

मी मऊ भात करायचे, बिनमिठाचं वरन, दुधात कुस्करलेली भाकर. दोन घास झाले की ती ताट सारायची.

"बाई काय म्हनल्या नानी? श्वासाला बी ताकद लागती."

"श्वास म्हंजी काय ऊस हाय व्हय, तोडायला? त्यो आपसूक चालतो." एवढं बोलताना ती तीनदा थांबली.

पाडव्याच्या आदी गेली. शेवटच्या आंघोळीला माझ्या सासूबाईंनी तिला एकटीनं उचलली.

नानी गेली, तिची रीत न्हाई गेली; आता भाकर सासूबाई मोडत्यात. मला पोरगी झाली आन् त्याच महिन्यात मला धाप लागली. डॉक्टरीनबाई मला बी हृदयच म्हनल्या. गोळ्या चुकवू नको, मीठ कमी, पन थोडं थोडं करून दिवसभर खात जा, म्हनल्या. मला लई भ्या वाटतं. पोरगी अजून बसाय बी लागली न्हाई. सासूबाई माझ्या सुजलेल्या पायांकडं बघत्यात आन् म्हनत्यात, "नानीवानी सुटाय लागलीस. बसनाऱ्याला अर्धी, नानीनं घालून दिलंय तेच बरं." त्या वाईट न्हाईत. त्यांस्नी वाटतं, त्या मला वाचवत्यात.

मला नानीचाच राग येतो. मेलेल्या मानसाचा राग धरू न्हाई म्हनत्यात, पन येतो. टोळीत तिच्या शब्दाम्होरं कोन गेलं न्हाई कदी. तिनं बसून अख्खी खाल्ली असती, तर आज माझ्या ताटात मोडून टाकायची कुनाची छाती झाली नसती.

आता ऱ्हायलेली अर्धी मी टोपल्यातनं आपल्या हातानं घेते. चावताना बी दम लागतो. एक घास, मंग थांबायचं, मंग दुसरा. पोरगी मांडीवर.

सासूबाई म्हनत्यात, "एवढं खाऊन करनार काय गं तू?"

मी म्होरला घास मोडते. बोलाय गेले तर दम सपतो, आन् घास ऱ्हातो.