गार हाताची रिब

मंगळवार पेठेत स्वेटरची रिब माझ्यासारखी कुणाला घालता येत न्हवती. म्हंजे — विणायचं मशीनच माझं एकट्याचं हुतं. हसलासा? हसा. शाळा चौथीत सुटली, तवापास्नं लोकांना हसवूनच निभावलंय. पण आज जे सांगतोय ते बायकोलाबी सांगितलेलं न्हाय. चेष्टेत बी न्हाय.

रिब म्हंजे स्वेटरचा खालचा पट्टा. ताणला की ताणतोय, सोडला की जाग्यावर बसतोय. मशीनवर सुयांच्या दोन रांगा असत्यात. पयला दोरा पुढच्या सुईवरनं मागच्या सुईवर, असा नागमोडी घ्यायचा. खाली फणी लावायची, वजनं अडकवायची. मग — ह्यो जो 'मग' हाय न्हवं, तिथंच माझी खोट हाय. मग लगेच रिब धरायची न्हाय. आधी तीन साध्या फेऱ्या मारायच्या. एक नुसत्या पुढच्या सुयांवर, एक मागच्या, परत एक पुढच्या. एवढंच. त्यानं काठ आवळून बसतोय. त्या फेऱ्या चुकवल्या की परकराच्या झालरीगत फुलतोय.

गंगाक्का मागल्या बोळात राहायला आल्या. गडहिंग्लजकडच्या. मालक त्यांचा शिरोलीत फौंड्रीत हुता, तिथलं काम सुटलं. बाईनं कुठनं तरी जुनं मशीन आणलं आणि माझ्या दारात — मास्तर, शिकवा. मला जन्मात पयल्यांदा कोणतरी मास्तर म्हणत हुतं. छाती फुगली की! आणि तिथंच मनात हिशेब बी सुरू झाला. पेठेत दोन मशीनं झाल्यावर शाळेचे स्वेटर कुणाकडं जाणार?

सगळं शिकवलं बघा. सुई बदलायची, दोरा ओवायचा, सगळं. फक्त त्या तीन फेऱ्यांची येळ आली की म्हणायचो, अक्का, आत जाऊन आमच्या हिला च्या टाकायला सांगा. त्या आत गेल्या की मी फेऱ्या मारून मोकळा. रोज. माणूस एवढा च्या पितोय का?

त्यांचे पयले स्वेटर शाळेनं परत धाडले. काठ फुललेला. बाई डोळ्यांत पाणी घेऊन आल्या, माझं काय चुकतंय? तवा तरी सांगावं न्हवं? मी म्हटलं, "अक्का, तुमचा हात उष्ण हाय. लोकर ढिली पडती. मशीनला बसायच्या आधी गार पाण्यात हात बुडवत जावा."

तोंडाला आलं ते बोललो. वाटलं, हसतील. त्या हसल्याच न्हाईत. मान हलवून घरला गेल्या.

दोन हिवाळे, पावणं. दोन हिवाळे ती बाई सकाळच्या पारी हौदाच्या पाण्यात हात घालून बसायची, आणि काठ काय आवळायचा न्हाय. मग उसवून हातानं शिवायची. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आल्या तवा बोटं बघितली. भेगा पडलेल्या, भेगेत निळ्या लोकरीचा तंतू अडकलेला. म्हणाल्या, गोड बोला मास्तर. आणि मी काय बोललो ठाऊक हाय? पाणी अजून जरा गार पायजे, म्हटलं.

हे बोलणारा मीच. दुसरा कोण न्हवता.

शेवटाला इचलकरंजीचा एक कारागीर त्यांचं मशीन दुरुस्त करायला आला. त्यानं काठ बघितला आणि उभ्या उभ्या तीन फेऱ्या दाखवल्या. दुसऱ्या दिवशी अक्का पळतच माझ्याकडं. मला वाटलं, आता खेटर निघतंय. तर बाई म्हणती कशी, "मास्तर, तुमाला बी हे कुणी सांगितलं न्हवतं व्हय? तुमचा हात मुळात गार, म्हणून तुमचं निभावलं. सरका, मी शिकवतो."

आणि मी सरकलो. माझ्याच मशीनवर, मी वीस वर्सं मारत आलेल्या फेऱ्या त्यांनी मला शिकवल्या. दोनदा. मी "अस्सं व्हय, अस्सं व्हय" करत मान हलवली. आमची ही च्या घेऊन आली, ती नुसती माझ्याकडं बघत उभी.

आता अक्कांकडं सहा बायका कामाला हायत. शाळा सगळ्या त्यांच्याकडं. परवा एक सुई मागायला गेलतो. बघतोय तर दाराजवळ पाण्याची बादली, आणि नवी आलेली एक पोरगी त्यात मनगटापतोर हात घालून बसलेली. फेऱ्या कळल्या तरी पाणी काय सुटलेलं न्हाय.

मी दारातच थांबलो. म्हटलं, "अक्का, ते पाणी बंद करा. ते खोटं हाय. तवा मी मुद्दाम —"

"बघा," अक्का बायकांना म्हणाल्या, "मी सांगत हुतो न्हवं, मास्तर लई चेष्टेखोर."

सगळ्या हसल्या. मी बी हसलो. जुनी सवय.

ती पोरगी तेवढी हसली न्हाय. बादलीतनं हात काढले, पदराला पुसले आणि मला वरनं खालपतोर बघितलं.

"अक्कांनी ज्यांना रिब शिकवली ते हेच व्हय? मग दार सोडा की पावणं, उजेड अडतोय."