रूम सेव्हनच्या दारावरचा पहारा

रिटायर झाल्यावर माझं पोस्टिंग न्यूझीलंडला झालं. ऑर्डर लेकीने काढली. "बाबा, आई गेल्यापासून तिकडे एकटे बसून काय करताय? इकडे राहीला शाळेत सोडायला घरचं माणूस हवंय," असं मनीषा फोनवर म्हणाली. ऑर्डर म्हणजे ऑर्डर. ट्रंक बांधली आणि २०१६ साली वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावी हजर झालो. पलटणीतून सुभेदार म्हणून निघालो होतो, इथे सात वर्षांच्या नातीचा ऑर्डर्ली झालो.

जावई अमेय सकाळी वेलिंग्टनची ट्रेन पकडायचा, मनीषा लॅबमध्ये जायची. मागे मी आणि राही. पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. तिला उठवायचा माझा एक खेळ होता. तिच्या खोलीसमोर सावधान उभं राहून पहाऱ्यावरच्या संत्रीसारखा ओरडायचो, "थम! कौन आता है?" आतून आवाज यायचा, "दोस्त!" "दोस्त, आगे बढ़!" म्हटलं की बाईसाहेब मार्च करत दुधाच्या कपापर्यंत. आमच्या घरात तिच्या तोंडून न चुकता निघणारा देशी शब्द तेवढाच.

शाळेत मी पॅरेंट-हेल्प, म्हणजे वर्गात मदत करणारा घरचा माणूस, म्हणून नाव दिलं. इथल्या नियमाप्रमाणे आधी पोलिसांनी माझी चौकशी केली, मग आठवड्यातून दोन सकाळी रूम सेव्हनमध्ये पोरांचं वाचन ऐकायला बसू लागलो. वर्ग राहीचाच, दोन इयत्तांचा मिळून एक. शिक्षकाचं नाव ब्रेट. पोरं गुरुजींना सरळ 'ब्रेट' म्हणून हाक मारायची. पहिल्या दिवशी मला ठसकाच लागला. पण माणूस सोन्यासारखा. सुट्टीत डोंगरात हरणाच्या शिकारीला जायचा, घरी लायसन्सची रायफल तिजोरीत. एकदा त्याने मला हरणाचं मटण दिलं. मी कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला आणि त्याला डबा पोचवला. दुसऱ्या दिवशी डोळे लाल, नाक वाहतंय, तरी गडी म्हणतो, "स्वीट ॲज, सुभेदार!" म्हणजे, एकदम झकास.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात परदेशातल्या एका शाळेतल्या गोळीबाराची बातमी टीव्हीवर सारखी चालू होती. आमच्या शाळेच्या बोर्डाने, म्हणजे निवडून आलेल्या पालकांनी, सुरक्षेच्या धोरणावर सभा बोलावली. क्रेग नावाचा एक बाप उभा राहिला. धंद्याने बिल्डर, आवाज भरदार. म्हणाला, "पोलीस येईपर्यंत पोरांनी काय टेबलाखाली बसून राहायचं? ब्रेटकडे लायसन्स आहे, नेम आहे. वर्गात कुलूपबंद पेटीत एक रायफल ठेवू द्या."  ज्या देशात रस्त्यावरच्या पोलिसाच्या कमरेलाही पिस्तूल नसतं, तिथे हा प्रस्ताव म्हणजे जेवणाच्या पंगतीत साप सोडल्यासारखा. मग क्रेग माझ्याकडे वळला. "यू आर आर्मी, मेट. सांग त्यांना."

खरं सांगतो, मन त्याच्या बाजूने झुकलं होतं. आयुष्य हत्यारासोबत गेलेला माणूस मी. शिकलेला गडी, मोजलेलं हत्यार, कुलूपबंद पेटी, मग बिघडलं कुठे? ब्रेटला विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही सांगाल तर घेईन जबाबदारी." मी पुढच्या सभेत बोलतो म्हणालो. निर्णय तेव्हाच व्हायचा होता.

त्याआधीच तो दिवस आला.

मॉर्निंग टीची छोटी सुट्टी झाली होती. बाहेर पाऊस. राही हात वर करून टॉयलेटला गेली. मी एका पोराचं बेडकाच्या गोष्टीचं पुस्तक ऐकत होतो, एवढ्यात स्पीकर खरखरला. "लॉकडाऊन. लॉकडाऊन. धिस इज नॉट अ ड्रिल."

ब्रेट क्षणात बदलला. दाराला कुलूप. दिवे बंद. दाराच्या काचेवर काळा कागद. पडदे खाली. पोरं खिडकीखालच्या भिंतीला चिकटून बसली, तोंडावर बोट. माझ्या नवीन रंगरुटांना एवढी शिस्त यायला तीन महिने लागायचे. ब्रेटने डोकी मोजली. एक कमी.

"राही," मी म्हणालो.

तो कानाशी कुजबुजला, "टॉयलेटशेजारी लायब्ररी आहे. लायब्रेरियन तिला आत ओढून घेईल. नियम तोच आहे."

"मी जातो."

त्याने माझा दंड धरला. घट्ट. "नो, सर. दार बंदच राहणार."

माझ्या निम्म्या वयाचा मास्तर मला हुकूम देत होता. छातीत नुसती आग पेटली. पण ज्याची पोस्ट त्याची कमांड, हे मीच आयुष्यभर पोरांना शिकवलं. मागे अठरा-वीस लेकरं बसलेली. मी दाराच्या बिजागरीकडच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. ब्रेटच्या फोनवर ऑफिसचा मेसेज आला: नदीकडच्या कुंपणाजवळ रायफलवाला माणूस दिसलाय. त्याने स्क्रीन मला दाखवली आणि फोन पालथा ठेवला.

मग नुसती वाट बघणं. पावसाचा आवाज. एका पोरीला उचकी लागली, शेजारणीने तिच्या तोंडावर हात ठेवला. मी मनातल्या मनात देवाला शिव्या घालत होतो आणि त्याच दमात नवसही बोलत होतो.

कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. जड पावलं. बूट घासत, ओढत चालल्यासारखी. लायब्ररीच्या बाजूने नाही, बाहेरच्या दाराकडून. आमच्या दाराशी येऊन थांबली. हँडल खाली गेलं. वर आलं.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, दबक्या आवाजात. "थम! कौन आता है?"

उत्तर नाही. हँडल परत खाली.

"कौन आता है?"

उत्तर नाही. ब्रेटने मला गप्प राहायची खूण केली. मला ती दिसली आणि तरी दिसली नाही. संत्रीचा नियम तीनदा विचारायचा. मी तिसऱ्यांदा विचारलं. बाहेर कुणीतरी श्वास घेत होतं, तो ऐकू येत होता. उत्तर नाही.

आणि माझा उजवा अंगठा पुढे सरकला.

एवढंच झालं. हातात काही नव्हतं. पण अंगठ्याने नसलेल्या रायफलची सेफ्टी काढली, आणि पहिलं बोट वळून ट्रिगरवर बसलं. मी खाली पाहिलं. माझाच हात, पण परका वाटला. वर पाहिलं तर ब्रेट माझ्या त्या हाताकडे बघत होता. शिकारी माणूस तो. त्याला सगळं कळलं.

तेवढ्यात दाराच्या फटीतून बारीक, चिडलेला आवाज आला. "आबा! श्शश! इट्स लॉकडाऊन. यू आर नॉट अलाउड टू टॉक!"

ब्रेटने दार वीतभर उघडलं आणि मी कॉलर धरून पोरीला आत ओढलं. त्याने पुन्हा कुलूप लावलं. राहीच्या पायात गमबूट होते. आमच्या मनीषाने मराठी हिशेबाने वाढत्या मापाचे घेतलेले, पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून. ते ओढत चालत होती, म्हणून पावलं जड. स्पीकर वाजला तेव्हा टॉयलेटमध्ये एकटी घाबरली आणि लायब्ररी विसरून मैदानातून गोल फिरून आजोबांकडे आली. मी तीनदा विचारलं तरी बोलली नाही, कारण लॉकडाऊनमध्ये बोलायचं नाही असं शाळेनेच तिला शिकवलं होतं. तिने नियम पाळला. तो माझ्यानेच पाळवला नाही.

मी तिला कुशीत घेऊन भिंतीशी बसलो.  

पोलिसांना तो माणूस सापडला. डुकराच्या शिकारीला निघालेला, गाडी चिखलात रुतली म्हणून खांद्यावर रायफल टाकून चालत सुटलेला. गोळी एकही सुटली नाही. फाटकावर मनीषा लॅबच्या कोटातच धावत आली आणि राहीला छातीशी धरून हमसून रडली. मग माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "बरं झालं तुम्ही आत होतात, बाबा."  उजवा हात मी खिशातच ठेवला होता.

पुढची सभा भरली. क्रेगने मला बघून अंगठा उंचावला. आता तर मी त्याच्याच बाजूने बोलणार असं त्याला वाटलं असणार. मी उभा राहिलो आणि मोडक्या इंग्रजीत जे सांगितलं, ते इथे सरळ सांगतो.

आसामात चहाच्या मळ्याच्या कडेला आमची पोस्ट होती. मी तेव्हा नायब सुभेदार. माझ्या प्लॅटूनमध्ये नाईक बबन घुले नावाचा गडी होता. महा वात्रट. कमांडिंग ऑफिसरच्या चालण्याची नक्कल करायचा, आणि खुद्द साहेबही लपून हसायचे. त्याच्या शेजारच्या खाटेवर शिपाई आनंद. दोघं एका ताटात जेवायचे. एकाच्या घरून चिवडा आला की दुसऱ्याने आधी डबा फोडायचा, असा दोस्ताना.

आदल्या दिवशी शेजारच्या पोस्टवर हल्ला झाला होता. पहाटे दाट धुकं. बबन पाण्याचा डबा घेऊन पोस्टच्या तारेबाहेर परसाकडला गेला, आणि जाताना नेहमीसारखी दाताला भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावून गेला. गावाकडची सवय, पलटणीतही सुटली नाही. परतीच्या नेहमीच्या वाटेवर चिखल होता म्हणून मळ्याच्या बाजूने वळून आला. पहाऱ्यावर आनंद. त्याने तीनदा विचारलं. नीट, मोठ्याने. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

बबनच्या तोंडात मिश्री. मिश्री लावली की तोंड लाळेने भरतं, बोलता येत नाही. थुंकायला त्याला तेवढा एक क्षण हवा होता. तो 'ऊं ऊं' करत राहिला आणि 'मीच आहे' हे सांगायला हात वर केला. त्या हातात डबा होता. धुक्यात आनंदला दिसलं ते एवढंच, की कुणीतरी काहीतरी फेकायला हात उचललाय. एक गोळी. मी धावत गेलो तेव्हा बबनचे डोळे उघडे होते, ओठांवर काळी मिश्री. माझ्या मांडीवर गेला तो. आनंद रायफल टाकून त्याचा डबा उचलून पुसत बसला होता. चौकशी झाली. संत्रीने नियम पाळला, दोषी नाही, असा निकाल लागला. त्यानंतर आनंदचा हात रायफलला लागला की कापायचा. उरलेली नोकरी त्याने लंगरमध्ये चपात्या लाटून काढली.

सभेत क्रेग म्हणाला, "सॉरी, मेट. पण ते युद्ध होतं. ही शाळा आहे."

"हो ना," मी म्हटलं. "तिथे आम्ही रोज सराव करायचो. ते एकच काम होतं आम्हाला. तरी शेजारच्या खाटेवरचा दोस्त ओळखू आला नाही. ब्रेटला दिवसभर बेरीज-वजाबाकी शिकवायची आहे. आणि परवा दाराबाहेर माझी नात होती. मी तीनदा विचारलं. ती बोलली नाही. माझ्या हातात रायफल असती, तर आज मी इथे उभा नसतो. क्रेग, माझा अंगठा हलला रे."

मागच्या रांगेत मनीषा बसली होती. तिला हे मी सांगितलंच नव्हतं. तिने तोंडावर हात दाबला.

 मग ब्रेट उभा राहिला. "मी पाहिला तो अंगठा," तो म्हणाला. "मला वर्गात रायफल नको."

क्रेग घुश्शातच निघून गेला. मला वाटलं, आता हा माणूस माझं तोंड बघणार नाही. पण शनिवारी तोच ड्रिल मशीन घेऊन शाळेत हजर. एकेका वर्गाच्या दाराला बाहेरचं दिसणाऱ्या दोन-दोन भिंगं बसवली, पैसे न घेता. एक मोठ्या माणसाच्या उंचीला. दुसरं कुठे बसवायचं हे ठरवायला त्याने राहीला दारासमोर उभं केलं आणि तिच्या नाकासमोर पेन्सिलने खूण केली.

मनीषा दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना एवढंच म्हणाली, "तो सकाळचा खेळ बंद करायचा का, बाबा?" मी म्हटलं, राहीला विचार. राहीने ठणकावून सांगितलं, "नो वे."

म्हणून तो अजून चालू आहे. परवाच मी दारात उभा राहून ओरडलो, "थम! कौन आता है?" राही बाथरूममधून बाहेर आली. तोंडात ब्रश, ओठांवर पांढरा फेस, बोलता येईना. "ऊं ऊं" करत तिने हात वर केला, ब्रशच्या मगासकट.

 मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिथेच उभा राहिलो. तिने परत आत जाऊन बेसिनमध्ये चूळ भरली, तोंड पुसलं, आरशात दात बघितले, आणि सावकाश येऊन म्हणाली, "दोस्त."

बबन, तुला एवढाच वेळ हवा होता रे.