रबरावरचे दात

वहिनींना माणसं फारशी आवडत नसत, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. नवरा आणि दीर मिळून डायव्हिंगची शाळा चालवायचे. तिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना वहिनीच म्हणे, त्यामुळे नात्याचा मान सगळ्यांकडून मिळे आणि नाव कुणाला ठाऊक नसे. त्यांची जागा मागच्या शेडमध्ये. एक लांब टेबल, पितळी ब्रश, व्हिनेगरचं भांडं, रबरी ओ-रिंगांच्या डब्या आणि भिंतीवर खुंट्यांना टांगलेले तीस रेग्युलेटर. पाण्याखाली ज्याच्यातून श्वास घ्यायचा ते हे यंत्र. जीव त्याच्या भरवशावर, पण लोक ते वाळूत फेकायचे, त्यावर बसायचे आणि वर साळसूदपणे येऊन म्हणायचे, "वहिनी, हा जरा कुरकुरतोय."

"मी त्याच्या जागी असते तर बोंबच मारली असती," वहिनी म्हणत आणि स्क्रू सोडवायला घेत.

समुद्रातून वर आलं की सामान गोड्या पाण्यात भिजत घालायचं, एवढं एकच वाक्य त्यांनी वीस वर्षं लोकांना ऐकवलं. त्यासाठी अंगणात हौद बांधून घेतला. त्यात लोक पाय धुवायला लागले. अंगाला चिकटणाऱ्या रबरी वेटसूटमध्ये लघवी करून "समुद्राचाच वास आहे हो" म्हणणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंना वहिनींनी तोंडावर सांगितलं होतं, की समुद्राला असला वास असता तर माशांनी केव्हाच बिऱ्हाड हलवलं असतं. बाई पुन्हा आल्या नाहीत. वहिनींना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

त्यांची खरी करमणूक मात्र माउथपीस. तोंडात धरायचा तो रबरी तुकडा. त्याला आतून दोन पाकळ्या असतात, त्या दातांत नुसत्या टेकवायच्या. पण ज्याला पाण्याखाली भीती वाटते तो चावतो. कितीही छाती काढून चालला, तरी रबर खोटं बोलत नाही. वहिनी तुकडा बोटांत फिरवायच्या आणि माणसाचा निकाल लावायच्या. मग रात्रीच्या जेवणाला त्याचं वाचन. "तो व्यायामशाळावाला आला होता ना, दंड दाखवत? भुगा केलाय हो रबराचा! घरी उपाशी ठेवतात वाटतं." नवरा हसे, दीर हसे, आणि एकोणीस वर्षांची लेक तर ठसका लागेपर्यंत हसे.

या सगळ्यांत पहिला नंबर दिराचा. त्याला सगळे कप्तान म्हणत. बोट त्याची नव्हती आणि चालवायचाही दुसराच, पण टोपी होती. शाळेच्या भिंतीवर त्याचे सतरा फोटो. तोंड उघडलं की चाळीस मीटरच्या खाली बोलायचं नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे वहिनींना लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं, कारण कप्तान दर महिन्याला एक माउथपीस आरपार चावून आणायचा. "भाऊजींना समुद्रात भूक फार लागते," त्या वाढता वाढता म्हणत. तो बिचारा ओशाळून हसायचा आणि भात मागून घ्यायचा.

त्या गुरुवारी दुपारी कप्तानाने आपला रेग्युलेटर वर्षाच्या सर्व्हिसिंगसाठी टेबलावर ठेवला. रविवारी बुडालेल्या जहाजावर आठ नवशिके न्यायचे होते. "एकदम फर्स्ट क्लास करून द्या, वहिनी. कालच तीस मीटरवर होतो."

रेग्युलेटर ओला होता, स्वच्छही होता, आणि तिथेच वहिनींना खटकलं. ज्याने आयुष्यात एकदाही सामान धुतलं नाही त्याला आज कुठली अक्कल सुचली? त्यांनी तो उघडला. मिठाचा कण नाही. ओ-रिंगांवर त्यांनी लावलेलं ग्रीस जसंच्या तसं. बोट फिरवून त्यांनी जिभेला लावलं. गोडं पाणी. दर महिन्याला नवा मागणाऱ्याच्या, पाच महिन्यांपूर्वी बसवलेल्या माउथपीसवर तर दाताची एक खूणही नव्हती, अजून दुकानातला वास येत होता.

वहिनींना आधी नुसता आनंद झाला. इतक्या वर्षांत इतका मोठा मासा गळाला लागला नव्हता.

"भाऊजी, तीस मीटरवर काल नाक धरून गेलात काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा पाच महिने समुद्रात गेलेला नाही. हौदात बुडवून आणलात. मला शेंडी लावता?"

कप्तान उलट्या बादलीवर बसला. टोपी काढली. पावसाळ्यानंतर एकदा खाली त्याचा श्वास अडकला होता, सगळं नीट असूनही. तेव्हापासून पाण्यात तोंड घातलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. तो सामान घालून बोटीवर बसतो, माणसं खाली जातात, तो वरून लक्ष ठेवतो. "दादाला सांगू नका, वहिनी. मला दुसरं काय येतं?"

"वरून लक्ष ठेवता? वरून काय दिसतं, डोंबल? बढाया मारताना जीभ झडली नाही तुमची? हे भिंतीवरचे सतरा फोटो उतरवून आता त्या बादलीचा लावा!" वहिनींची गाडी उताराला लागली होती. "आणि खाली लोकांना नेतं कोण?"

कप्तानाने भिंतीवरच्या शेवटच्या खुंटीकडे बघितलं.

ती खुंटी लेकीची. अख्ख्या शेडमधला तेवढाच रेग्युलेटर वहिनी कधी उघडत नसत. पोर सोळाची झाल्यावर त्यांनी तिला स्वतः सर्व्हिसिंग शिकवलं होतं, आणि तिचा हात आपल्यापेक्षा हलका आहे हे त्या चारचौघांत सांगायच्या. तिला खाली लोकांसोबत मदतीला जायची परवानगी होती. त्यांना घेऊन जायचा, त्यांच्या जिवाची जबाबदारी घ्यायचा परवाना अजून नव्हता.

वहिनींनी तो खाली काढला. माउथपीसची एक पाकळी पूर्ण गेलेली, दुसरी दोऱ्याएवढ्या रबरावर लोंबत होती. कप्तानाने वीस वर्षांत इतकं चावलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात लेक हवा भरलेला सिलिंडर घेऊन आत आली आणि टेबलाकडे बघून जागीच थांबली.

"किती वेळा?" वहिनींनी विचारलं.

"मोजलं नाही. पाच महिने."

"आणि हा?"

"दर आठवड्याला बदलते. तुझ्या डबीतून घेते." तिने सिलिंडर हळूच खाली ठेवला. "खाली गेलं की सगळे माझ्याकडेच बघतात, आई. एकाला काही झालं तर काय करायचं, हेच डोक्यात असतं. काकाला मीच म्हटलं होतं, सांगू नको. तो रडला होता गं."

"भाऊजी, उठा," वहिनी म्हणाल्या. "आत्ता जाऊन दादांना सगळं सांगा. रविवारची बोट जाणार नाही. त्या आठ जणांना मी स्वतः फोन करते, आणि तुमची लाज झाकणार नाही."

कप्तान टोपी हातात घेऊन निघून गेला. शेडमध्ये दोघीच उरल्या, आणि वहिनी लेकीकडे वळल्या.

"त्या बैलाचं सोड. तू मला का नाही सांगितलंस? पाच महिने! रोज एका टेबलावर जेवतो आपण. आई आहे ना मी तुझी?"

पोरीने आईच्या हातातल्या रबराकडे बघितलं.

"जेवतानाच तर सांगितलं असतंस सगळ्यांना," ती म्हणाली. "आणि सगळे हसले असते. काकाच्या वेळी मीही हसायचेच की."