सामुराईला मारलेली शिट्टी

माझ्या पोरीची सोयरीक एका जपानी सामुराईपायी मोडता मोडता राहिली.

झालं असं, की अंबाजोगाईचं स्थळ आलं होतं. पोरगा डॉक्टर, घरचं कापडाचं दुकान. त्याचे वडील वैजनाथअप्पा कोर्टाच्या कामाला बीडला आले आणि होकार-नकार सांगायला आमच्याकडं उतरले. नेमकी अमावस्या! "सांजच्याला आमावस्या सुटू द्या," अप्पा म्हणाले, "तवर सोयरिकीचा शब्द काढायचा न्हाई." आता सोयरीक सोडून होणाऱ्या व्याह्याशी बोलायचं काय? पाऊसपाण्याचं झालं, सिमेंटच्या भावाचं झालं (माझं हार्डवेअरचं दुकान), चहावर चहा झाला. शेवटी बायको स्वयंपाकघरातून डोळे वटारून खुणावू लागली, न्या की यांना कुठंतरी!

मी नेलं पिक्चरला. पोस्टरवर सामुराई, तलवार आणि आग ओकणारा ड्रॅगन. म्हटलं, पैसे वसूल!

हिंदीत बोलणारा तो सामुराई सुरुवातीलाच झाडाखाली डोळे मिटून जो बसला, तो उठायचं नावच घेईना. गाव जळालं, राजकन्या पळवली, हा आपला बसलेलाच! ड्रॅगन एकदाच आला आणि ढगाआडून शेपूट दाखवून गेला. मी घाबरत घाबरत अप्पांकडं पाहिलं.

"कसा वाटायलाय, अप्पा?"

"झकास! तुमाला?"

"लई भारी!"

व्याह्यांना आवडलाय म्हटल्यावर मुलीच्या बापानं मागं राहून कसं चालेल? मी टाळ्या वाजवल्या. त्यांनीही वाजवल्या. मग मला चेवच चढला. सामुराईनं एक डोळा उघडला, तर मी कडक शिट्टी मारली (या वयात!). पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून म्हणालं, "काका, कावून शिट्ट्या मारायलात? नाकावर माशी बसली म्हणून उघडलाय त्यानं डोळा!"

मध्यंतराला अप्पा "आलोच" म्हणून गेले, ते आलेच नाहीत. पडद्यावर सामुराई तसाच बसलेला आणि इकडं शेजारची खुर्ची रिकामीच. धावत बाहेर गेलो, तर अप्पा रिक्षावाल्याला विचारत होते, "स्टँडला येतो का?"

मी रिक्षाला आडवा गेलो. "अप्पा, काही चुकलं का आमचं?"

अप्पा कसनुसे झाले. "राग मानू नका. पण असल्या पिक्चरला शिट्ट्या मारणाऱ्या घरची सोयरीक करायची म्हंजी... इचार पडलाय."

"अहो, मला कुठं आवडलाय! तुमच्यासाठी मारल्या शिट्ट्या! तुमीच झकास म्हणलात!"

"मी बी तुमच्यासाठीच म्हणलो! तिकीट तुमी काढलेलं, नावं कशी ठेवावी?"

 मग अप्पा असे हसत सुटले, की काही न कळता रिक्षावालाही हसायला लागला. माझा जीव भांड्यात पडला! मग समोरच्या टपरीच्या बाकड्यावर बसून आम्ही भजी खात, त्या सामुराईला पोटभर शिव्या घालत अमावस्या सुटायची वाट पाहिली. ती सुटल्याबरोबर अप्पांनी हात पुसले आणि म्हणाले, "पोरगी आमची!" मला तिथंच रडू फुटलं, आणि भज्याच्या मिरचीवर ढकलावं लागलं.

खरं तर इथंच थांबायला हवं होतं. पण लग्नात नवरदेव घोड्यावर बसून मांडवाच्या दारात आला. डोक्याला फेटा, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. घोडा काही केल्या पुढं सरकेना आणि पोरगा बिचारा उन्हानं डोळे मिटून बसलेला. गर्दीतून अप्पा ओरडले, "व्याही, आता हाणा शिट्टी!"

मी हाणली.

घोडा जो उधळला, तो जावयाला घेऊन थेट बसस्टँडला! फेटा एकीकडं, लिंबू एकीकडं. देवाची कृपा, जावई धडधाकट परत आला, मुहूर्तही कसाबसा गाठला.

आता पोरगी सुखात आहे, व्याही सख्ख्या भावासारखे आहेत. फक्त मी चहा फुंकायला ओठ जरी पुढं केले, तरी जावई आधी खुर्चीचे हात घट्ट धरतो!