फेरीच्या बाई

फेरीच्या बाई वर्गात कधी पुढच्या दाराने आल्या नाहीत. सरकारी इन्स्पेक्टर यायचे तेव्हा आम्ही दाराला आंब्याची डहाळी बांधायचो, टेबलावर धुतलेलं कापड घालायचो आणि पोरांना आदल्या दिवशीच उत्तरं पाठ करून ठेवायला लावायचो. बाई मात्र तास चालू असताना मागच्या दाराने शिरायच्या आणि शेवटच्या बाकावर दोन पोरांच्या मध्ये अंग चोरून बसायच्या. उंच, सडपातळ, पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. माझ्या वर्गात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या आल्याचं मला पंधरा मिनिटं कळलं नाही. कळलं तेव्हा माझ्या तोंडून गोदावरी नदी थेट अरबी समुद्राला मिळाली, आणि पोरांनी ती तशीच वहीत उतरवून घेतली.

त्यांचा हुद्दा पर्यवेक्षिकेचा. इंग्लंडातल्या चर्चच्या मिशनऱ्यांनी पूर्वी उपनगरांत शाळा काढल्या होत्या. अंधेरीला आमची, शिवाय कांदिवली, घाटकोपर आणि मुलुंड. स्वातंत्र्यानंतर गोरे पाद्री एकेक करून मायदेशी गेले, शाळा मागे राहिल्या. त्या शाळांतल्या मास्तरांना शिकवायचं कसं हे शिकवणं, हेडमास्तरांना कारभार समजावणं आणि शाळांच्या कमिट्या नियमाने चालतात की नाही ते पाहणं, एवढं सगळं काम या एका बाईंवर होतं. आठवड्याला चारही शाळांची एक फेरी व्हायची, म्हणून फेरीच्या बाई. त्या स्वतः चर्चमधल्या, मी मालवणकडच्या परबांच्या घरातला. 'मिशनात मास्तरकी धरलीस, आता गळ्यात क्रूस कधी?' असं माझे काका मला विचारायचे. बाईंनी सात वर्षांत माझा धर्म एकदाही विचारला नाही. माझे पाठ मात्र दर आठवड्याला विचारले.

त्या पहिल्या दिवशी तास संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. गोदावरीबद्दल बोलतील म्हणून मी मान खाली घालून उभा. त्यांनी फळ्याखालून उचललेला खडूचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. 'परब, तासाच्या सुरुवातीला हा केवढा होता?' मी म्हटलं, 'अख्खा होता, बाई.' त्या म्हणाल्या, 'तुझा खडू फार बोलतो रे. पोरं किती बोलली?' एकही नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. 'नदीची चूक उद्या त्यांच्यासमोर कबूल कर. लाजू नकोस. मास्तर चुकतो हे कळलं की पोरं हात वर करायला लागतात.' दुसऱ्या दिवशी मी कबूल केलं. पोरं पोट धरून हसली, आणि त्या आठवड्यात खरंच दोन नवे हात वर झाले.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की चारही शाळांचे मास्तर आमच्या शाळेत जमायचे. हा बाईंचा वर्ग. एकाने पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, तेही गुणी नव्हे, खरे. मुलुंडचे हेडमास्तर अडीच मणांचे गृहस्थ; ते दर पाच मिनिटांनी करंगळी वर करून 'बाई, एकीला जाऊ?' म्हणायचे आणि आम्ही लोळायचो. पण हसणं संपलं की बाई विचारायच्या, 'हा पोरगा सारखा बाहेर का जातो? त्याला ऐकू येत नसेल. कंटाळा आला असेल. घरून उपाशी आला असेल. तुम्ही कोणी विचारलंत?' मग खोलीत कोणी हसत नसे. मी पुढे रीतसर ट्रेनिंग घेतलं, जाडजाड पुस्तकं वाचली. जे काही मास्तर म्हणून मला येतं ते सगळं त्या शनिवारांत आलेलं आहे.

हेडमास्तर लोकांना त्या नकोशा वाटायच्या, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्याच कचेरीत त्यांना उठवून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसवायच्या. 'आता इथून बघा. पालक इथे बसतो. तुमच्या फायलींच्या ढिगामागे तुमचा फक्त भांग दिसतो त्याला.' जिभेला हाड नव्हतं. घाटकोपरच्या एका ज्येष्ठ शिक्षिकेला त्यांनी सगळ्यांदेखत इतकं सुनावलं की ती बिचारी रडत घरी गेली. पुढच्या शनिवारी बाईंनी सगळ्यांदेखतच तिची माफी मागितली, पण तिने काही शेवटपर्यंत त्यांना माफ केलं नाही. गोड बोलून काम काढणं त्यांना जमलंच नाही, आणि ते जमणाऱ्यांच्या हातात सगळा कारभार होता.

कारभार म्हणजे शाळा कमिटी. तिचे अध्यक्ष पाद्रीसाहेब. हसतमुख, पाठीवर हात ठेवून बोलणारा माणूस. सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर, शिवाय एक डॉक्टर आणि चर्चमधले दोन व्यापारी. मास्तर एकही नाही. शाळेबद्दल ठरवणारे पाचजण आणि त्यांतल्या एकानेही हातात खडू धरलेला नाही, हे बाईंना सहन होईना. दोन वर्षं पत्रं लिहून, मिशनच्या वरच्या मंडळाचे उंबरे झिजवून त्यांनी शिक्षकांसाठी एक जागा मिळवली. शनिवारच्या वर्गात मतं घेतली आणि मी निवडून आलो. बाई इतक्या खूश झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मग त्यांनी मला कमिटीचंही शिक्षण दिलं: विषयपत्रिका आधी वाच, मध्ये बोलू नकोस पण बोलल्याशिवाय उठू नकोस. आणि एक गोष्ट दोनदा बजावली, 'कोऱ्या पानाखाली सही करू नकोस.'

ही कोऱ्या पानाची तिथे रीतच होती. पाद्रीसाहेबांना सभा आटोपून संध्याकाळच्या प्रार्थनेला कांदिवलीला पोचायचं असे. मग सेक्रेटरी इतिवृत्ताची वही उघडून धरायचे, सगळे पानाच्या तळाशी सह्या करायचे, आणि वरचा मजकूर सेक्रेटरी घरी सावकाश लिहून काढायचे. अक्षर मोत्यासारखं. पंधरा वर्षं हे असंच चाललेलं. वयोवृद्ध माणूस, देवभीरू, दोन्ही हातांनी वही पुढे करतो. त्याला 'आधी लिहा, मग सही करतो' म्हणणं म्हणजे तोंडावर लबाड म्हणणं. कोणी म्हणत नसे. मीही म्हटलं नाही, पहिल्या सभेतही नाही आणि दुसऱ्या सभेतही नाही. बाईंना मी हे सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी कांदिवलीच्या शाळेवर पाद्रीसाहेबांनी मुलाखती न घेता आपला मेहुणा हेडमास्तर नेमला आणि बाईंनी हे नियमात बसत नाही असं लेखी कळवलं. पुढच्याच सभेच्या पत्रिकेवर विषय आला: पर्यवेक्षिकेच्या पदाचा विचार. पाद्रीसाहेब म्हणाले, 'शाळा आता आपल्या पायांवर उभ्या आहेत. फेरीची गरज उरली आहे का?' मी उठलो. आणि बोललो. 'साहेब, बाई नसत्या तर मला शिकवता आलं नसतं. आणि नवे तिघे मास्तर आलेत, त्यांना कोण तयार करणार?' डॉक्टरांनी मला दुजोरा दिला. पाद्रीसाहेब हसून म्हणाले, 'भावना पोचल्या. पुढच्या सभेत ठरवू.' मला वाटलं, जिंकलो! त्याच आनंदात मी वहीच्या कोऱ्या पानाखाली सही ठोकली.

पंधरा दिवसांनी बाईंना पत्र आलं. सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरलं होतं की पर्यवेक्षिकेचं पद महिनाअखेर बंद करावं. बाई शाळेत आल्या, सेक्रेटरींकडून वही मागवली आणि मला बोलावलं. मोत्यासारख्या अक्षरात ठराव होता आणि खाली माझी सही. सेक्रेटरी म्हणाले, 'साहेबांनी मसुदा पाठवला, मी उतरवला.' एवढं सांगून ते चष्मा पुसत बसले.

'असं ठरलं होतं?' बाईंनी मला विचारलं.

'नाही, बाई. पुढच्या सभेत ठरवू म्हणाले. मी तुमच्या बाजूने बोललो. डॉक्टरांना विचारा.'

'मग सही?'

'पान कोरं होतं.'

बाईंनी एकदा त्या सहीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, 'त्या एका जागेसाठी दोन वर्षं भांडले रे मी. एक मास्तर आत बसला की यांची हिंमत होणार नाही, असं वाटायचं.' आवाज चढला नाही, तेच मला जास्त लागलं. वही मिटून त्या म्हणाल्या, 'असो. वरच्या मंडळाची बैठक सोमवारी आहे. तू दोन ओळी लिहून दे. सही केली तेव्हा पान कोरं होतं आणि असा ठराव झाला नव्हता. डॉक्टरांना मी भेटूनच आले; ते म्हणालेत, परब लिहील तर मीही लिहितो. शनिवारी वर्गाला येईन तेव्हा घेईन.'

'देतो, बाई,' मी म्हटलं. आणि त्या क्षणी मी देणारही होतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाद्रीसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. 'परब, तुमचं बी.टी.चं काय झालं? जूनपासून पाठवायचं ना तुम्हाला? शिफारस माझ्या टेबलावर आहे.' बस, इतकंच. धमकी नाही, काही नाही. बी.टी. ही मास्तरकीची पदवी झाल्याशिवाय मला वरची जागा मिळणार नव्हती, मिशनच्या शिफारशीशिवाय बी.टी.ला जाता येणार नव्हतं, घरात आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. सगळी खरी आहेत. एकाही कारणाने मला आजवर बरं वाटलेलं नाही.

शनिवारी मी माझ्या वर्गाची सहल आरे कॉलनीला काढली. अचानक. पोरांनी डबे आणले होते, बस झाडीतून चालली होती आणि पोरं खिडक्यांतून लोंबत होती. तबेल्यात त्यांनी म्हशी मोजल्या, दुधाच्या बाटल्या कशा भरतात ते डोळे विस्फारून पाहिलं. मी त्यांना प्रश्न विचारत होतो, त्यांच्याकडून बोलवून घेत होतो. पाठ उत्तम चालला होता. बारा वाजले तेव्हा मला माहीत होतं की बाई शाळेत आल्या असतील. तीन वाजले तेव्हा माहीत होतं की बसून असतील. पोरं परत जाऊया म्हणाली, तर मीच म्हटलं, 'थांबा रे, अजून एक तबेला बघू.'

परतलो तेव्हा शाळेत फक्त बाबू शिपाई होता. 'बाई पाचपर्यंत बसून होत्या,' तो म्हणाला. 'पानी पन नाय घेतलं.'

'काही म्हणाल्या?'

'आरेवरून शेवटची बस कधी सुटते, ते इचारलं. मी सांगितलं. मग, तो त्याच बसने येनार म्हनाल्या नि उठून गेल्या.'

मी लिहिलं नाही, म्हणून डॉक्टरांनीही लिहिलं नाही. सोमवारी वरच्या मंडळापुढे बाई एकट्या उभ्या राहिल्या आणि समोर सहा सह्यांचा ठराव. महिनाअखेर पद गेलं, त्याबरोबर शनिवारचा वर्गही गेला. कमिटीने निरोप समारंभ ठरवला, हार आणला, भाषणं तयार झाली. बाई आल्याच नाहीत. आणलेला हार फुकट जाऊ नये म्हणून तो पाद्रीसाहेबांच्या गळ्यात घातला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. जूनमध्ये मी बी.टी.ला गेलो.

चार वर्षांनी मी अंधेरीचा हेडमास्तर झालो. नवे मास्तर यायचे, फळ्याशी बोलायचे, आणि त्यांना काय सांगावं मला कळायचं नाही. सांगायला गेलो की ते बाईंचंच वाक्य निघायचं आणि माझी जीभ अडखळायची. त्यांच्या पाठांच्या टाचणवह्यांवर मी न वाचता सह्या करायचो. तीन-चार पोरगेले मास्तर माझ्यासमोर कायमचे बिघडले. शेवटी एका रविवारी मनाचा हिय्या करून मुलुंडला गेलो. बाई तिथे विधवा बहिणीजवळ दोन खोल्यांत राहत होत्या. माफी मागायची, आणि आमच्या शाळेत शनिवारी याल का विचारायचं, असं मनात घोकत जिना चढलो.

दार उघडंच होतं. आत चटईवर चार-पाच तरुण मुली बसल्या होत्या, जवळच्या शाळेतल्या नव्या शिक्षिका. त्यांतली एक उभी राहून पाठ घेत होती आणि बाकीच्या खोड्या काढत होत्या. बाई मागे, भिंतीला टेकून. केस पार पांढरे झालेले.

मला पाहून त्या उठल्या. 'या. बसा. किती दिवसांनी आलात.' सात वर्षं मला अरे-तुरे करणाऱ्या बाई. कपभर चहा दिला, आईची चौकशी केली, बहिणींची लग्नं झाली का विचारलं. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी शांतपणे साखर हवी का, बिस्किट घेणार का, असं काहीतरी विचारलं. त्यांना ऐकायचं नव्हतं, आणि तो त्यांचा हक्क होता.

मी निघालो तेव्हा पाठ घेणाऱ्या त्या मुलीने भाबडेपणाने विचारलं, 'सर, तुम्हीपण आमच्या बाईंकडेच शिकलात ना?'

मी उत्तर देण्याआधीच बाई म्हणाल्या, 'नाही गं. हे बी.टी. आहेत.'

मुलीने आदराने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, हो म्हणून मान हलवली.