अरबाबची हरणं आणि आमची मोठी माणसं

पुण्यातल्या मित्रांना वाटतं मी दुबईत असतो. मी अबुधाबीपासून दीड तास आत, अल ऐनच्या बाजूला, वाळूत असतो आणि हरणांच्या पाण्यापाल्याची सोय बघतो. हे सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "सांग ना एखादा किस्सा." एक सांगितला की त्याला चिकटून दुसरा येतो, कारण प्रत्येक किश्शात घोळ घालणारी माणसं तीच. आणि एकजात सगळी पन्नाशीच्या पुढची. मी तिथे सगळ्यात लहान, कॉलेज सोडलेला, आणि तरी अक्कल वापरायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात.

आधी मामला काय होता ते समजून घ्या. जमिनीचा मालक म्हणजे अरबाब. वय ऐंशीच्या आसपास, नक्की त्यालाही माहीत नाही. जमीन त्याच्या आजोबांपासूनची. पूर्वी तिथे हरणं असायची आणि घरातली माणसं कुत्रे सोडून शिकार करायची. मग हरणं संपली, शिकारही संपली. अरबाबला ती जागा पुन्हा पहिल्यासारखी करायची आहे. हरणं टिकावीत, वाढावीत, पुरेशी झाली की रीतसर परवाना काढून जुन्या पद्धतीनं एकदा शिकार करावी. त्याचा मोठा मुलगा मन्सूर याला मात्र तिथे शॅले, म्हणजे छोटे बंगले बांधून, मध्ये स्विमिंग पूल टाकून, वीकेंडला भाड्यानं द्यायचे होते. शेवटी बापलेकांत ठरलं. बारा हरणं आणून सोडायची. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एक जरी पिल्लू जन्माला आलं तर जमीन हरणांची, नाही तर पूल.

पूल झाला की माझी नोकरी खलास. आणि बाबांची अट अशी, की नोकरी गेली तर मुकाट्यानं पुण्याला जायचं आणि सोडलेलं इंजिनियरिंग परत धरायचं. म्हणजे माझं अख्खं करिअर एका हरणीच्या पोटात होतं.

*

नोकरी लावली इस्माईलचाचांनी. चाचा मूळचे रत्नागिरीचे, या शेतावर तीस वर्षं मॅनेजर. बाबा रुवैसला रिफायनरीत इंजिनियर आहेत, दोघांची जुनी ओळख. मुलाखत माझी, पण आले बाबा. म्हणजे बोलणारही तेच.

"माय सन इज ऑन अ ब्रेक," बाबा म्हणाले.

अरबाबला इंग्लिश येत नाही, गल्फची मोडकी हिंदी येते. चाचांनी लगेच त्याच्या हिंदीत केलं, "लडका अभी आराम करता है."

"कब से?" अरबाबनं विचारलं.

मला राहवेना. मी सरळ सांगितलं की आराम वगैरे काही नाही, कॉलेज सोडलंय. तिसऱ्या वर्षाला सर वही उघडून वाचून दाखवायचे, आणि वाचता मलाही येतं. बाबांनी सतरंजीवर बसल्या बसल्या मला कोपर मारलं.

अरबाबनं कॉफीचा कप खाली ठेवला. "मीपण शाळेत गेलो होतो. दोन दिवस," तो म्हणाला. "दुसरा दिवस उगाच गेला."

नोकरी पक्की झाली. मुलाखत टेक्निकल होती असं बाबा आजही लोकांना सांगतात.

*

पहिलं काम पाणवठ्याचं होतं. मी म्हणत होतो टेकडीच्या मागच्या खोलगट जागेत करू. तिथे सावली आहे, वाऱ्याला आडोसा आहे, हरणं तशीही तिथेच बसतात. एवढं कळायला डिग्री लागत नाही. पण त्या आठवड्यात बाबांना सुट्टी होती.

"पाणी ईशान्येला," बाबा म्हणाले. वीस वर्षं रिफायनरीत प्रेशर आणि टेंपरेचर मोजणारा माणूस. मोबाईलवर कंपास उघडून त्यांनी ईशान्य कोपरा दाखवला. तो कोपरा म्हणजे कुंपणाला लागून, उघड्यावर, आणि पलीकडे शेजाऱ्याचे उंट.

"वास्तू हरणांना लागू नसते," मी म्हटलं.

"वास्तू सगळ्यांना लागू असते."

चाचांनी अरबाबला समजावलं, "ये बोलता है, इस कोने में पानी रखो, बरकत आता है." बरकत म्हटल्यावर अरबाब नाही कसा म्हणणार? दोन दिवसांत पाणवठा तयार.

हरणं तिकडे फिरकलीसुद्धा नाहीत. शेजारचे उंट मात्र कुंपणावरून माना टाकून रोज टाकं रिकामं करायला लागले. आठवड्यानं तो शेजारी खजुराचं खोकं घेऊन आभार मानायला आला. बाबा फोनवर मला म्हणाले, "बघ, बरकत आली की नाही?"

आली ना. फक्त कुंपणाच्या चुकीच्या बाजूला आली. नंतर मी गुपचूप खोलगटात दुसरं टाकं केलं. ते हरणांना लगेच सापडलं, बाबांना अजून सापडलेलं नाही.

*

इथलं गाफचं झाड म्हणजे आपली शमी. चाचांनी मला हे सांगितलं तोवर ठीक होतं. मी ते बाबांना सांगितलं, तिथे चुकलो. बाबांनी अबुधाबीच्या देशपांडेकाकांना सांगितलं. काकांचा ग्रुप आहे, मराठी माणसांचा, आणि काकांनी ग्रुपवर टाकलेली गोष्ट थांबवता येत नाही.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी सहा गाड्या आल्या. काकू लोक पैठण्यांत, ताम्हनं, हळदकुंकू, कोणाच्या तरी डब्यातून शिऱ्याचा वास. आम्ही हरणांच्या तोंडाला येईल अशा उंचीवर गाफच्या फांद्या वाढवल्या होत्या. महिनोन्‌महिने पाणी घालून. नेमक्या त्याच उंचीवर देशपांडेकाकांचाही हात पोचतो.

"आर वी अलाउड टु प्लक धिस?" त्यांच्याच नातीनं विचारलं.

"देवाचं काम आहे बेटा," काका म्हणाले आणि फांदी ओढली.

वयानं आठ वर्षांची पोरगी, आणि तिथल्या सगळ्या प्रौढांपेक्षा तिला जास्त समजत होतं. हरणांना दोन महिने पुरला असता तेवढा पाला मंडळींनी पाऊण तासात संपवला. तेवढ्यात अरबाबची गाडी आली. तो उतरला, काठीवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला, आणि चाचांना म्हणाला, "ये लोग खाता है?"

"नहीं अरबाब. ये इन का सोना है. एक दूसरे को देता है."

काका पुढे झाले, दोन्ही हातांनी पानं अरबाबच्या हातात दिली, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." अरबाबनं पानं कपाळाला लावली, नीट खिशात ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "इन को बोलो, बहुत मेहरबानी. थोडा हिरन को भी छोडो."

*

शिकारीसाठी अरबाबनं एक सलुकी पाळलाय. लांब पायांचा, कंबर मुठीत मावेल असा, वाऱ्यासारखा पळणाऱ्या जातीचा कुत्रा. नाव बर्क. बर्क म्हणजे वीज. ही वीज दिवसभर मजलिसमध्ये, म्हणजे अरबाबच्या बैठकीच्या खोलीत, एसीच्या बरोबर खाली, गालिच्यावर पडलेली असते.

जानेवारीत अरबाब म्हणाला, याला तयार करायला हवं. ठरलं असं, की गाडीच्या मागे दोरीला कातडं बांधायचं, चाचा गाडी चालवणार आणि बर्क कातड्यामागे पळणार. अरबाब खुर्ची टाकून बसला.

"यल्ला, चलो," तो म्हणाला.

चाचा निघाले. बर्क पळाला. खरंच पळाला, मीसुद्धा बघत राहिलो. कातड्याला गाठलं, कातडं ओलांडलं, गाडीलाही गाठलं, आणि चाचांनी काच खाली केली होती तिथून उडी मारून शेजारच्या सीटवर जाऊन बसला. एसी चालू होता.

अरबाब हळहळला. "जुन्या काळी आमचे कुत्रे दिवस दिवस पळायचे."

"जुन्या काळी एसी नव्हता," मी म्हटलं. चाचांनी डोळे वटारले.

अरबाबनं थोडा विचार केला. "खरं आहे," तो म्हणाला. "असता तर मीपण शिकारीला गेलो नसतो."

*

फेब्रुवारी संपत आला तरी पिल्लाचा पत्ता नव्हता. पिल्लू सोडा, हरणंसुद्धा क्वचित दिसायची. मी रोज सकाळी पावलांचे ठसे शोधत फिरायचो, आणि वाळू इस्त्री केल्यासारखी साफ. मन्सूरनं झाडांना बांधायचे कॅमेरे आणले, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे. एक चारशे दिरहमचा. बाबांनी फोनवर ऐकल्या ऐकल्या सांगितलं, "म्हणजे साडेनऊ हजार रुपये. एका कॅमेऱ्याला." मन्सूरला हरणं बघायची नव्हती, हरणं नाहीत हे वडिलांना दाखवायचं होतं.

दहा दिवसांनी त्यानं मजलिसमधल्या मोठ्या टीव्हीवर फोटो लावले. पहिल्या फोटोत इस्माईलचाचा. दुसऱ्यात इस्माईलचाचा. तीनशेच्या वर फोटो, सगळ्यांत चाचा. पहाटे, लुंगी खोचून, हातात दाताळं, अख्ख्या शेताची वाळू ओढून सारखी करताना. मधेच सिगारेट ओढताना. चाचांची अँजिओप्लास्टी झाली आहे, आणि रत्नागिरीला चाचींना वाटतं सिगारेट सुटली.

"सो व्हेअर आर द गॅझेल्स, ब्रदर?" मन्सूर मला म्हणाला.

"थांबा," मी म्हटलं, "मागचा फोटो लावा."

त्या फोटोत चाचा पाठमोरे झाडपाला गोळा करत होते. त्यांच्या मागे वीस पावलांवर तीन हरणं उभी होती. रांगेत. हा माणूस कधी जातो याची वाट बघत.

मग मी बोललो, आणि जरा जास्तच बोललो. म्हटलं, चाचा, गळलेली पानं आणि शेंगा हा त्यांचा नाश्ता आहे आणि तुम्ही तो रोज गोळा करून फेकता. ठसे पुसता. झुडपाची लपायची जागा दिसली की साफ करता. तीस वर्षं तुम्ही या जमिनीची हजामत करताय.

चाचांचा चेहरा उतरला. "अरे, या शेतावर कचरा आहे असं कोणी बोट दाखवलं नाही आजपर्यंत," ते म्हणाले.

"हरणांनीपण नाही दाखवलं. त्यांना बोटं नसतात."

अरबाबनं हात वर करून मला गप्प केलं. "इस्माईल," तो शांतपणे म्हणाला, "कल से दाताळं बंद." दाताळं हा एकच मराठी शब्द त्याला येतो, तीस वर्षं ऐकून ऐकून.

चाचांनी टीव्हीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "ठीक है अरबाब. लेकिन ये फोटो रत्नागिरी तो नहीं जाएगा?"

*

रिकामे हात चाचांना सोसेनात. आठ दिवस त्यांनी पार्किंग झाडलं. मग माझ्या खोलीसमोरचं अंगण. एकदा तर मजलिसच्या गालिच्याच्या झालरी बोटांनी सारख्या करताना मी त्यांना पकडलं.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनीच मला हाताला धरून नेलं. वाळूवर ठशांची रांग होती, जाणारी, येणारी, मधेच बसलेली. चाचांनी प्रत्येक ठशाभोवती काडीनं गोल काढला होता आणि कोणाला पाय ठेवू देत नव्हते.

"तीस वर्षं इथे राहिलो," ते हळूच म्हणाले, "मला माहीतच नव्हतं इथे एवढी रहदारी आहे."

तेव्हापासून रोज सकाळी चाचा मला बातमीपत्र द्यायचे. कोण कुठे गेलं, कोण कोणाशी भांडलं. एप्रिलच्या शेवटी एक दिवस म्हणाले, "एक बाई कालपासून कळप सोडून एकटीच फिरते रे. रुसलीय वाटतं."

"चाचा," मी म्हटलं, "ती रुसलेली नाही."

*

पण मेचा पहिला आठवडा आला आणि काहीच दिसलं नाही. मन्सूरनं शुक्रवारी कंत्राटदाराला आणून पूलच्या जागेवर खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या, जमीन तपासायला एका कोपऱ्यात गुडघाभर खोल, एका बाजूनं उतरता खड्डा खणून ठेवला. रविवारी मशीन लागणार होतं.

रविवारी पहाटे बाबाही रुवैसहून निघून आले. काखेत जाडजूड खाकी पाकीट. कॉलेजचा फॉर्म, मार्कशीटच्या झेरॉक्स, फोटो, अर्ज. सगळं स्वतः भरलेलं, फक्त माझी सही बाकी.

"तुम्ही माझ्या हरण्याची वाट बघत होतात ना?" मी विचारलं.

"प्लॅन बी जवळ असावा," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे प्लॅन ए पण नसतो."

मी पाकिटाला हात लावला नाही. रागानं माझे कान गरम झाले होते, आणि वर ऊनही चढत होतं. आम्ही सगळे जागेवर गेलो. अरबाब, मन्सूर, चाचा, बाबा, मी. कंत्राटदार पुढे होता. खड्ड्यापाशी पोचला आणि दोन पावलं मागे आला.

"सर, इथे काहीतरी आहे."

खड्ड्याच्या तळाशी, वाळूच्याच रंगाचं, कान मागे पाडून, पाय पोटाशी घेऊन, एक पिल्लू बसलं होतं. मोठ्या चपलेएवढं असेल. हालत नव्हतं, पण डोळे उघडे होते आणि ते आमच्याकडेच बघत होतं.

चाचांनी "माशाल्ला" म्हणून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. कंत्राटदारानं कुजबुजत विचारलं, "सर, काम कधी सुरू करू?"

मन्सूरनं वडिलांकडे बघितलं. अरबाब काठीवर वाकून खड्ड्यात बघत होता.

"तुझ्या पूलमध्ये गेस्ट उतरलाय," तो मुलाला म्हणाला. "चेक-आऊट कधी आहे ते त्याला विचार."

मन्सूर हसायला लागला. हसत हसत त्यानं स्वतःच्या हातानं दोऱ्या सोडल्या आणि गुंडाळून कंत्राटदाराच्या हातात दिल्या.

"सगळे लांब व्हा," मी म्हटलं. "आई टेकडीमागून बघत असणार. आपण गेल्याशिवाय ती येणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा या लोकांनी माझं एका झटक्यात ऐकलं. फक्त बाबा हलले नाहीत. ऊन आता थेट खड्ड्यात पडत होतं. बाबांनी खड्ड्याकडे बघितलं, वर बघितलं, मग गुडघ्यांवर बसले. कोपऱ्याला दोन खुंट्या जवळजवळ होत्या. त्यांवर त्यांनी ते खाकी पाकीट आडवं ठेवलं, उडू नये म्हणून दोन्ही टोकांना वाळूची ढेकळं. सावली पिल्लाच्या कानांपर्यंत पोचली. मग बूट हातात घेऊन ते चवड्यांवर चालत माझ्याजवळ आले.

"बाबा, आतले कागद तरी काढून घ्या," मी म्हटलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "जाड आहे तेच बरंय."